बीटनबाईंची विसरलेली अंडी

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे गोड्या मसाल्याची कृती मागण्यात आली. आमच्या घरचा मसाला तुमच्यापैकी पुष्कळजणींनी चाखलेला आहे. पण खरे सांगायचे तर तो मसाला माझा नव्हे, सासूबाईंचा. आणि त्या गेल्यापासून तो आमच्या घरी झालेलाच नाही. हल्ली मी जो करते तो फार तर त्याचा दूरचा नातेवाईक म्हणायचा.

सासूबाई सगळे नजरेने करीत. धने किती, असे विचारले की ओंजळ दाखवीत. दगडफूल किती, तर चिमूट. खोबरे किती भाजायचे, तर वास येईपर्यंत. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसले होते. ओंजळ कोणाची धरायची, तुमची की माझी, असे मी जरा ठसक्यातच विचारले. त्यांना ते लागले आणि त्या गप्प झाल्या. मीही वही मिटली. पुढे कधीतरी विचारू असे म्हणता म्हणता बावीस वर्षे गेली, सासूबाई गेल्या आणि वहीचे ते पान कोरेच राहिले.

ही चुटपुट मनात असतानाच एका परदेशी बाईचे चरित्र माझ्या वाचनात आले. कृती देता येत नाही, तेव्हा तिच्याऐवजी त्या बाईची हकीकत सांगते. ती वाचून झाल्यावर मी कोणता निश्चय केला, तो शेवटी सांगेन.

आमच्या थोरल्या दिरांच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होते. गृहव्यवस्थेचे पुस्तक, कर्त्या मिसेस बीटन. ते पाहून मला नेहमी वाटे की या बाई म्हणजे साठीच्या घरातल्या, अंगाने भरलेल्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेल्या कोणी करड्या गृहिणी असणार. अनेक इंग्रज बायकांचीही कित्येक वर्षे तशीच समजूत होती म्हणे. प्रत्यक्षात हे पुस्तक पुरे झाले तेव्हा बीटनबाई अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या, आणि अठ्ठावीस वर्षांच्या असतानाच त्या वारल्या.

त्यांचे माहेरचे नाव इझाबेला मेसन. जन्म लंडनचा, 14 मार्च 1836 चा. वडील कापडाचे व्यापारी. इझाबेला चार वर्षांची असताना ते वारले. पुढे आईने एप्सम गावच्या हेन्री डॉरलिंग या विधुर गृहस्थाशी लग्न केले. हे गृहस्थ छपाईचा धंदा करीत आणि तेथल्या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानाची व्यवस्थाही पाहत. त्यांची आधीची मुले चार, हिची चार, आणि या लग्नापासून झालेली तेरा. एकूण एकवीस! त्यांत इझाबेला सर्वांत थोरली मुलगी. एवढी मुले घरात मावेनात म्हणून त्यांतली बरीचशी आजीबरोबर शर्यतीच्या मैदानावरच्या प्रेक्षागृहात राहत. शर्यती नसत तेव्हा ती भलीमोठी इमारत रिकामीच असे. धाकट्यांना भरवणे, निजवणे, त्यांची आजारपणे काढणे हे काम थोरल्या बहिणीकडे येई. घर चालवणे म्हणजे काय, हे ती तेथेच शिकली.

मुलगी हुशार म्हणून तिला जर्मनीत हायडेलबर्गच्या शाळेत पाठवले. तेथे ती फ्रेंच, जर्मन आणि पियानो शिकली, आणि केक-पेस्ट्री करण्याची गोडीही तिला तेथेच लागली. एप्समला परत आल्यावर तिने गावातल्या एका मिठाईवाल्याकडे पेस्ट्रीची शिकवणी धरली. चांगल्या घरातल्या मुलीने असल्या कामाची शिकवणी घ्यावी, हे त्या काळच्या लोकांना थोडे चमत्कारिकच वाटले असेल.

10 जुलै 1856 रोजी सॅम्युअल बीटन या तरुण प्रकाशकाशी तिचे लग्न झाले. हे बीटन फार उत्साही गृहस्थ. 1852 पासून ते बायकांसाठी एक मासिक काढीत. किंमत फक्त दोन पेनी, म्हणजे मध्यम स्थितीतल्या गृहिणीलाही परवडावी अशी. लग्नानंतरच्या मे महिन्यात मुलगा झाला, आणि तीन महिन्यांतच तो गेला. त्याच सुमारास बीटनबाई नवऱ्याच्या मासिकात लिहू लागल्या. फ्रेंच गोष्टींची भाषांतरे आणि पाककृतींचे सदर ही कामे त्यांच्याकडे आली. दुःखावर काम हे औषध आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकींना अनुभवाने ठाऊक आहे.

आता गंमत ऐका. या बाईंनी सुरुवातीलाच स्पंज केकची कृती छापली आणि तीत अंडी घालायचीच विसरली! केकमध्ये अंडी नाहीत म्हणजे पुरणपोळीत डाळ नाही. वाचणाऱ्या बायकांनी काय म्हटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मला मात्र ही चूक वाचून बाईंविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला.

स्वयंपाकावर मोठा ग्रंथ करावा, असे पतिपत्नींनी ठरवले. तेव्हा घरोब्यातल्या एका अनुभवी बाईंनी इझाबेलाला पत्राने सल्ला दिला की पाकशास्त्र दीर्घ अभ्यासाने आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, तेव्हा नव्या कृती रचण्याच्या भरीस पडू नये, चांगली पुस्तके पाहून त्यांतून निवड करावी. एखादी मानी सून या सल्ल्याने रुसली असती. बीटनबाईंनी तो मुकाट्याने मानला. आपल्याला येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी सरळ विचारायला सुरुवात केली. मासिकाच्या वाचक बायकांनी आपापल्या घरच्या कृती कळवल्या. जुनी पुस्तके चाळली गेली. चार वर्षे हे काम चालले. इतके कष्ट पडणार हे आधी समजले असते तर आपण या कामात हातच घातला नसता, अशी कबुली त्यांनी प्रस्तावनेत दिली आहे.

या चार वर्षांतल्या एका हिवाळ्याची आठवण मला फार आवडते. साल 1858. त्या वेळी बीटन कुटुंब लंडनबाहेर पिनरजवळ राहत असे. गावातल्या गरिबांचे हाल पाहून बाईंनी घरच्या मोठ्या तांब्याच्या हंड्यात सूप शिजवायला घेतले आणि दर आठवड्याला सुमारे डझनभर कुटुंबांना ते पुरवले. हाडे, मांसाचे तुकडे, कांदे, गाजरे, तांदूळ किंवा बार्ली असा साधा पदार्थ. पुढे ग्रंथात शेकडो कृती आल्या, पण खास त्यांची स्वतःची म्हणून ओळखली जाते ती एवढी एकच.

1859 पासून पुस्तक दरमहा हप्त्याहप्त्याने निघाले आणि ऑक्टोबर 1861 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. पाने 1112, कृती नऊशेच्या वर. पहिल्याच वर्षी 60,000 प्रती खपल्या. नोकरांची व्यवस्था, मुलांचे संगोपन, आजाऱ्याची शुश्रूषा, सारे त्यात होते. पण त्याचा खरा गुण त्याच्या मांडणीत होता. प्रत्येक कृतीच्या माथ्यावर जिन्नस आणि त्यांची मापे, मग कृती, मग लागणारा वेळ, खर्चाचा अंदाज, किती माणसांना पुरेल आणि कोणत्या ऋतूत करावे. आज हे आपल्याला साधे वाटते. पण चुलीपाशी ऐन वेळी एखादी वस्तू घरात नाही असे कळले की काय तारांबळ उडते ते आठवा, म्हणजे या मांडणीची किंमत कळेल. आपल्याकडे 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ आले आणि 1970 साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. नव्या नवरीला ‘रुचिरा’चा आधार वाटला तो त्यातल्या घरगुती वाटी-चमच्याच्या मापांमुळे.

आता दोषांचेही सांगितले पाहिजे. बीटनबाईंची मॅकरोनी दीड-पावणेदोन तास शिजते आणि मोठी गाजरे दोन तासांवर. आपल्या भाजीचा तर तोवर लगदाच होईल. दुसरा दोष मोठा आहे. एलायझा ॲक्टन नावाच्या बाईंनी 1845 सालीच उत्तम पाकपुस्तक लिहिले होते आणि जिन्नस निराळे काढून देण्याची रीतही पाडली होती. त्यांच्या नि इतरांच्या कितीतरी कृती बीटनबाईंच्या ग्रंथात नाव न सांगता आल्या आहेत. ॲक्टनबाई 1859 साली वारल्या. त्यांची कीर्ती पुढे झाकोळली आणि बीटनबाईंचे नाव घरोघर झाले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बीटनबाईंनी स्वतःला संपादिका म्हणवले आहे, एवढे त्यांच्या बाजूने सांगता येईल. तरी जिची कृती तिचे नाव का असू नये, ही रुखरुख राहतेच.

याच ग्रंथात आपल्या देशाचाही एक धागा आहे. बंगाली पद्धतीची आंब्याची चटणी म्हणून एक कृती दिलेली आहे. त्यात आंबा नाहीच! तीस मोठी कच्ची आंबट सफरचंदे, साखर, मीठ, लसूण, कांदा, सुंठ, वाळक्या मिरच्या, मोहरी, बिया काढलेले मनुके आणि दोन बाटल्या व्हिनेगर. हिंदुस्थानात राहिलेल्या एका इंग्रज बाईला ती इथल्याच कोणीतरी सांगितली आणि विलायतेत परतल्यावर ती बाई त्या चटणीसाठी आपल्या मैत्रिणींत प्रसिद्ध झाली, असे तेथे नमूद आहे. ज्या हाताने ती चटणी प्रथम घातली त्या माणसाचे नाव मात्र कोठेच नाही. तो खानसामा होता की घरची कोणी माउली, देव जाणे.

बीटनबाईंचे काम स्वयंपाकापुरते नव्हते. 1860 साली त्या नवऱ्याबरोबर पॅरिसला गेल्या आणि तेथील फॅशनची रंगीत चित्रे आपल्या मासिकासाठी मिळवली. मासिकातून कशिद्याचे नमुने आणि कपडे बेतण्याचे कागदी साचे मिळू लागले. ज्या गावात चांगला शिंपी नाही, तेथल्या बाईलाही मग घरच्या घरी नव्या धाटणीचा झगा शिवता येऊ लागला. आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात आपण वर्तमानपत्राच्या कागदावर बेत काढतो, तेव्हा मला त्या साच्यांची आठवण होते. याच कामासाठी बाई आगगाडीने लंडनला कचेरीत जात. त्या वेळी त्या डब्यांत बहुतेक पुरुषच असत.

इतके करणाऱ्या या बाईच्या पदरी सुख मात्र बेताचेच आले. दुसरा मुलगा तीन वर्षांचा होऊन 1862 च्या अखेरच्या दिवशी लाल तापाने गेला. बरोबर वर्षाने, 31 डिसेंबर 1863 ला, तिसरा झाला. चौथा 29 जानेवारी 1865 ला. पुस्तकाच्या लहान आवृत्तीची मुद्रिते तपासता तपासता त्यांना कळा सुरू झाल्या, असे सांगतात. बाळ सुखरूप होते. बाईंना बाळंतज्वर झाला आणि 6 फेब्रुवारीला त्या गेल्या. सुइणीने वा डॉक्टरने हात नीट धुतले तर हा ज्वर टळतो, हे व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी 1847 सालीच दाखवले होते. पण बहुतेक डॉक्टरांना ते पटले नव्हते. घरोघरच्या बायकांना स्वच्छता शिकवणारी बाई अशा रीतीने गेली, हे वाचताना मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

पुढे 1866 सालच्या मोठ्या आर्थिक कोसळण्यात सॅम्युअल बीटन बुडाले आणि पुस्तकाचे हक्क दुसऱ्या प्रकाशकाला विकावे लागले. त्या प्रकाशकाने बाईंच्या निधनाची वाच्यता केली नाही. आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेली, कृती बदलत गेल्या, आणि कधीच वारलेली ती तरुण मुलगी लोकांच्या मनात म्हातारी, अनुभवी मिसेस बीटन होऊन बसली.

मैत्रिणींनो, या बाईंना स्वयंपाकाचा मोठा अनुभव नव्हता, त्यांच्या पहिल्या केकमध्ये अंडीही नव्हती. पण आपल्याला येत नाही हे कबूल करून त्यांनी इतरांना विचारले आणि जे कळले ते मापासकट लिहून ठेवले. मला बी. ए. होऊनही तेवढे जमले नाही. सासूबाईंची ओंजळ मला त्या दिवशीच तराजूत घालून मोजता आली असती. त्यांना राग येऊ न देता, हसत हसत, धने त्यांच्या हातून पातेल्यात पडू द्यायचे आणि मग ते वजन करायचे, इतकेच तर काम होते.

म्हणून निश्चय सांगते. माझ्या थोरल्या नणंदबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. आईच्या हाताखाली त्यांनी तो मसाला अनेकदा कुटला आहे. या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे आठ दिवस राहायला जाणार आहे, आणि काटा बरोबर नेणार आहे. जे हाती लागेल ते पुढच्या स्मरणिकेत छापायला देईन. वर नाव सासूबाईंचे असेल.

तुम्हीही घरात कोणी आजी, आत्या, काकू असतील तर त्यांच्याजवळ बसा. त्यांचा एक पदार्थ, एक कशिद्याचा टाका, एक गोधडीची वीण लिहून आणा. मंडळाच्या कपाटात त्यासाठी एक मोठी वही ठेवली आहे. कोणाची कृती ते नाव घालून लिहा. आणि लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहा, अंडी राहिली नाहीत ना!