जखमी कामगाराचा पगार मागणारे नारायण मेघाजी लोखंडे

रविवारच्या सुट्टीचा विषय निघाला की नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतले जाते. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी मिळाली, ती त्यांच्या लढ्यामुळे. पण त्याआधी सहा वर्षे त्यांनी आणखी एक मागणी केली होती. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, अशी ती मागणी. शहापूर-मुरबाडच्या तरुणांनी ती समजून घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

लोखंडे आपल्या ठाण्याचे. १८४८ साली एका गरीब माळी कुटुंबात त्यांचा जन्म ठाण्यात झाला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. परिस्थितीमुळे शिक्षण लवकर थांबले. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या मांडवीतील कापड गिरणीत ते भांडारपाल झाले. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबणारी माणसे त्यांनी रोज पाहिली. यंत्रात हात गेला की माणूस घरी बसायचा आणि त्याच दिवसापासून त्याचा पगार बंद व्हायचा.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावान कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' बंद पडले, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत पुन्हा उभे केले. गिरणीतले हाल त्यातून छापून येऊ लागले.

१८८४ साली सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंड्यांनी सप्टेंबर महिन्यात परळला कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाला दिले. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, या त्यातल्या मागण्या. पाचवी मागणी जखमी कामगाराची. तात्पुरती इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटापाण्याची योग्य सोय. त्या काळी भरपाईचा कायदा या देशात नव्हता. तो १९२३ साली झाला. म्हणजे ३९ वर्षांनी.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर सुट्टी मिळाली. पुढे १८९३ च्या दंगलीत त्यांनी हिंदू-मुस्लीम सलोख्यासाठी काम केले. मुंबईत प्लेग आला तेव्हा रुग्णांच्या सेवेत उतरले, आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. महिनाभराने, १० मार्चला, सावित्रीमाईही पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या.

जोतीरावांना गुरू मानणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळू लागले. त्यांच्या कार्यकाळातच कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो, त्याच पायावर उभा राहिला.

मग आज आपल्याकडे काय आहे? आमच्या दोन्ही तालुक्यांतील माणसे वीटभट्ट्यांवर, आसनगाव आणि मुरबाडच्या कारखान्यांत, भिवंडीच्या गोदामांत ओझी उचलतात. इथे बोट तुटण्यापेक्षा कंबर धरणे, मणका सरकणे हे जास्त. १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या यादीत हात, पाय, बोटे, डोळे गेले तर किती टक्के नुकसान धरायचे ते लिहिले होते. पाठीचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणून पाठीच्या दुखापतीने कमाईची ताकद किती घटली, हे डॉक्टरने तपासून ठरवावे लागत असे. तुटलेले बोट कोणालाही दिसते. सरकलेला मणका दिसत नाही, आणि दुखणे जुनेच होते, घरी झाले असेल, असे म्हणायला मालकाला वाव मिळतो. शिवाय तात्पुरत्या अपंगत्वात या कायद्याने ठरवलेली रक्कम महिन्याच्या पगाराच्या निम्मीच होती. लोखंड्यांनी पूर्ण पगार मागितला होता.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. वस्तीत कोणाची कंबर कामावर धरली, तर तेल चोळून घरी पडून राहू देऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. कामावर, ओझे उचलताना दुखापत झाली, हे केसपेपरवर लिहून घ्या. मालकाला लेखी कळवा आणि त्याची पोच ठेवा. सोबत काम करणाऱ्यांची नावे टिपून ठेवा. हजेरी किंवा पगाराचा जो कागद असेल तो जपा. मुकादमाने हात वर केले तरी घाबरू नका, कंत्राटी कामगाराच्या भरपाईची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावरही टाकली आहे.

लोखंड्यांनी ५,५०० सह्या गोळा केल्या, त्या बहुतेक निरक्षर माणसांच्या काळात. आज प्रत्येक पाड्यावर शिकलेला एक तरी मुलगा किंवा मुलगी आहे. एका जखमी कामगाराचा एक अर्ज लिहून देणे त्यांना नक्कीच जमेल.

कामगार चळवळीच्या या जनकाला विनम्र अभिवादन. जय भीम!