भंगारातल्या कन्व्हर्टरची किंमत येते कुठून? त्यातले दोन धातू शोधणाऱ्या वुलस्टनची गोष्ट

गेल्या दिवाळीत मी मामाकडे गेलो होतो. मामाचा एक छोटा डिझेल ट्रक आहे, भाजीपाला आणि किराणा माल वाहायचा. त्याच्या सायलेन्सरच्या पाइपावरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झाला होता, म्हणून मेकॅनिकने नवा बसवला आणि जुना डबा मामाच्या हातात दिला. दोन महिने तो पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. मग एका भंगारवाल्याने तो काट्यावर ठेवला, लोखंडाच्या भावाने हिशेब केला आणि साडेतीनशे रुपये दिले. मामा खूश, कारण त्याच्या मते तो डबा फेकायचाच होता.

मला मात्र चैन पडेना. त्या डब्यावर कोरलेल्या नंबरचा फोटो मामाच्या मोबाइलमध्ये होता. तो मी अशा जुन्या कन्व्हर्टरची खरेदी करणाऱ्या दोघांना पाठवला. दोघांनीही सांगितलेला भाव हजारांत होता, आणि गंमत म्हणजे दोघांचे भावही एकमेकांशी जुळत नव्हते. एकाच वस्तूचे तीन भाव! असं का, हे शोधायला बसलो आणि वाचता वाचता एका अशा माणसापर्यंत पोचलो, जो १८२८ मध्येच वारला. विल्यम हाइड वुलस्टन. आज त्याचीच गोष्ट सांगतो, पण आधी डबा उघडून बघू.

कन्व्हर्टरच्या स्टीलच्या कवचात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते, बहुतेक वेळा सिरॅमिकची. त्या भोकांच्या भिंतींवर एक पातळ थर दिलेला असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू अगदी बारीक कणांच्या रूपात पसरलेले असतात. सगळे मिळून काही ग्रॅम. धूर त्यावरून गेला की प्लॅटिनम आणि पॅलेडियम विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जाळून टाकतात. पेट्रोल गाडीत ऱ्होडियम नायट्रोजनच्या ऑक्साइडचा बंदोबस्त करतो. धातू स्वतः खर्च होत नाही, त्यामुळे गाडी म्हातारी झाली तरी त्यातला बराचसा माल आतच राहतो. भंगाराला भाव येतो तो इथून.

आता या तीन धातूंपैकी दोन, पॅलेडियम आणि ऱ्होडियम, एकाच माणसाने शोधले. तेही दोन वर्षांच्या आत, आणि दुसऱ्या धातूच्या धंद्यात उरलेल्या गाळातून.

वुलस्टनचा जन्म ६ ऑगस्ट १७६६ चा, इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या ईस्ट डेरेहॅम गावचा. वडील पाद्री, पण रात्री दुर्बीण लावून बसणारे. घरात सतरा मुलं. हा केंब्रिजला शिकला, डॉक्टर झाला, गावाकडे काही वर्षं प्रॅक्टिस केली आणि १७९७ मध्ये लंडनला आला. तिथे एका मोठ्या इस्पितळातल्या जागेसाठी उभा राहिला आणि हरला. तसाही रुग्णांचं दुःख बघून त्याला त्रास व्हायचा. थोरल्या भावाकडून बरीच मोठी रक्कम मिळाली होती. १८०० मध्ये त्याने डॉक्टरकी कायमची सोडली. वय चौतीस, नोकरी नाही, आणि ठरवलं काय, तर रसायनशास्त्रावर पोट भरायचं. त्या काळी ते आजच्या स्टार्टअपपेक्षाही धाडसाचं होतं, कारण असा धंदा जवळपास कोणी करतच नव्हतं.

भागीदार मिळाला स्मिथसन टेनंट, केंब्रिजचाच मित्र. दोघांनी नेम धरला प्लॅटिनमवर. हा धातू दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबियात, नदीच्या वाळूतून सोनं धुताना सोबत यायचा. वाळू धुणारे होते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. प्लॅटिनम वितळवता येत नव्हतं, ठोकलं तर तडकायचं, त्यामुळे त्याला धड भावच नव्हता. स्पेनच्या सरकारची नजर चुकवून तो माल जमैकामार्गे लंडनला यायचा. १८०० च्या नाताळच्या आदल्या दिवशी या दोघांनी ५९५९ औंस कच्चं प्लॅटिनम एकदम उचललं, ७९५ पौंडांना. म्हणजे साधारण १८५ किलो. मामाचा डबा काट्यावर ठेवणाऱ्या भंगारवाल्यासारखाच हा सौदा होता, असं मला वाटतं. घेणाऱ्याला आत काय आहे याचा अंदाज होता, विकणाऱ्याला नव्हता, आणि वाळू धुणाऱ्यांच्या हातात तर काहीच पडलं नाही.

पण खरं सांगायचं तर वुलस्टनलाही आत काय काय आहे हे पूर्ण माहीत नव्हतं.

त्याची पद्धत अशी होती. कच्चा माल तीव्र अम्लांच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, विरघळवायचा. मग त्यात नवसागर टाकायचा. हो, तोच नवसागर जो कल्हईवाला वापरतो. पिवळा साका खाली बसतो, तो तापवला की स्पंजासारखं भुसभुशीत शुद्ध प्लॅटिनम मिळतं. त्याची बारीक भुकटी करायची, पाण्यात धुऊन साच्यात जोराने दाबायची, तापवायची आणि गरम असतानाच ठोकायची. न वितळवता भुकटीपासून ठोस धातू! ठोकला तरी न तडकणारा, तार आणि पत्रा काढता येणारा. आज कितीतरी मशीनचे सुटे भाग याच तत्त्वावर बनतात.

या कामात दोन प्रकारचा कचरा निघायचा. अम्लात न विरघळणारी काळी भुकटी टेनंटने घेतली आणि तिच्यातून त्याने ऑस्मियम आणि इरिडियम हे दोन नवे धातू काढले. पिवळा साका काढून घेतल्यावर उरलेलं पाणी वुलस्टनकडे राहिलं. दुसऱ्या कोणी ते मोरीत ओतलं असतं. याने त्यात लोखंड टाकून विरघळलेले धातू परत खाली बसवले आणि त्यांची तपासणी सुरू केली. हिशेब जुळत नव्हता. काहीतरी प्लॅटिनमसारखं नव्हतं, चांदीसारखंही नव्हतं. १८०२ मध्ये त्याने तो नवा धातू वेगळा केला आणि त्याच वर्षी सापडलेल्या पॅलास या लघुग्रहावरून नाव दिलं पॅलेडियम. १८०४ मध्ये त्याच पाण्यातून आणखी एक निघाला. त्याचे क्षार गुलाबी होते, म्हणून ग्रीक भाषेतल्या गुलाबावरून ऱ्होडियम.

आता यापुढे जे त्याने केलं ते वाचून मी दोनदा तपासलं. नवा धातू सापडल्यावर माणूस रॉयल सोसायटीत निबंध वाचेल, टाळ्या घेईल. वुलस्टनने तो दुकानात विकायला ठेवला. एप्रिल १८०३ मध्ये लंडनच्या सोहो भागात, जेरार्ड स्ट्रीटवरच्या एका दुकानातून एक छापील चिठ्ठी वाटली गेली. नवा धातू पॅलेडियम, त्याचे गुणधर्म असे असे, इथे विकत मिळेल. तुकडे पाच शिलिंग, अर्धा गिनी आणि एक गिनीचे. शोध कोणी लावला, त्याचं नाव कुठेच नाही. दुकानदारीण बाईंनाही माल कोणाचा ते सांगता येत नव्हतं.

का केलं असेल असं? एक तर शोधाची तारीख आपल्या नावावर पक्की करायची होती. दुसरं, प्लॅटिनमची पद्धत कोणाला कळू द्यायची नव्हती, कारण सगळा धंदा त्यावरच उभा होता.

शास्त्रज्ञ मंडळींना अर्थातच संशय आला. रिचर्ड शेनेविक्स नावाच्या आयरिश रसायनतज्ज्ञाला ही शुद्ध फसवणूक वाटली. त्याने दुकानातला सगळा उरलेला माल विकत घेतला, भरपूर प्रयोग केले आणि रॉयल सोसायटीत जाहीर केलं की हा धातूच नाही, प्लॅटिनम आणि पारा यांचं मिश्रण आहे. त्या वर्षीचं कोप्ली पदक त्यालाच मिळालं! त्याच सोसायटीचा सदस्य असलेला वुलस्टन गप्प. १८०३ च्या शेवटी त्याने पुन्हा निनावी जाहिरात दिली. कोणी कृत्रिम पॅलेडियम बनवून दाखवलं तर वीस पौंड बक्षीस. कोणीच आलं नाही. शेवटी १८०५ मध्ये त्याने कबूल केलं की तो माणूस मीच. शेनेविक्सची चांगलीच फजिती झाली आणि काही वर्षांत तो रसायनशास्त्र सोडून लेखनाकडे वळला.

मला हे वागणं पटलेलं नाही. एका चांगल्या संशोधकाला सगळ्यांसमोर तोंडावर पडू दिलं, एका चिठ्ठीने ते थांबवता आलं असतं. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. शेनेविक्स चुकला कारण त्याने आधी मत बनवलं आणि मग मोजलं. वुलस्टन नेहमी आधी मोजायचा.

भंगारातल्या कन्व्हर्टरचंही नेमकं इथेच अडतं. मामाच्या डब्याचे तीन भाव का आले? पहिल्याने नुसतं वजन केलं. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने नंबरवरून आपापल्या यादीत बघून अंदाज लावला. खरी किंमत कळते ती डबा कापून, आतली वीट दळून, भुकटीचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्यावर. मोठे रिफायनर मग ती भुकटी भट्टीत दुसऱ्या धातूबरोबर वितळवून मौल्यवान धातू गोळा करतात आणि पुढे अम्लात विरघळवून एकेक वेगळा काढतात. त्यात नवसागराने प्लॅटिनम खाली बसवायची युक्ती आजही वापरात आहे.

ट्रकवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. डबा मोठा म्हणजे माल जास्त, असं समजू नका. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन जास्त असतो, तिथे ऱ्होडियमची पेट्रोलवाली युक्ती चालत नाही. म्हणून डिझेलच्या कन्व्हर्टरमध्ये मुख्यतः प्लॅटिनम आणि पॅलेडियम असतं. बीएस-६ ट्रकमध्ये एससीआर नावाचा जो मोठा डबा असतो, त्यातल्या बहुतेकांत मौल्यवान धातू जवळपास नसतोच. बाजारातून बसवलेल्या स्वस्त कन्व्हर्टरमध्येही फारच कमी. शिवाय भाव रोज हलतो. २०२१ च्या मार्चमध्ये ऱ्होडियम औंसाला २९ हजार डॉलरच्या वर गेला होता, २०२३ मध्ये तो पाच हजारांच्याही खाली आला. त्यामुळे विकायच्या आधी नंबरचा फोटो काढा, डबा फोडू नका, दोन-तीन जणांना विचारा आणि भाव अंदाजाने आहे की तपासणीवर, हे स्पष्ट करून घ्या. नवा बसवल्याचं बिल जवळ ठेवा, कारण चोरीचा माल फिरत असतो आणि डबा आपलाच आहे हे दाखवता आलं पाहिजे. चालू गाडीचा कन्व्हर्टर काढून विकणं तर डोक्यातूनच काढून टाका, ते बेकायदा आहे. आणि यूट्यूबवर बघून घरी अम्लात विरघळवायला जाऊ नका. त्या वाफा फुप्फुसं जाळतात.

वुलस्टनच्या प्लॅटिनमचं पुढे काय झालं? बंदुकीची बत्ती जिथे पेटते तिथलं छिद्र गंजायचं, तिथे प्लॅटिनम बसलं. गंधकाचं अम्ल आटवायची मोठी भांडी बनली. वीस वर्षांत त्याने चाळीस हजार औंसांहून जास्त कच्चा माल गाळला आणि श्रीमंत झाला. टेनंट मात्र १८१५ मध्ये फ्रान्समध्ये घोड्यावरून जाताना पूल कोसळून गेला. पॅलेडियम आणि ऱ्होडियमला तेव्हा गिऱ्हाईकच नव्हतं. जगातला जवळपास सगळा साठा एका माणसाच्या घरात, आणि घ्यायला कोणी नाही! मोटारीच्या धुरावर कॅटॅलिस्ट बसवायचं काम फ्रेंच इंजिनियर यूजीन हूड्री याने १९५० च्या दशकात केलं. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आले १९९५ मध्ये.

बाकीचं आयुष्य थोडक्यात सांगतो, नाहीतर लेख संपणार नाही. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा पहिल्यांदा यानेच पाहिल्या. मुतखड्यातून सिस्टिन वेगळं केलं. आणि मोबाइल कॅमेऱ्याच्या शौकिनांसाठी: कॅमेऱ्यासाठी एका बाजूने खोलगट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर भिंग वापरायची कल्पनाही त्याचीच, १८१२ ची. त्याची प्रयोगशाळा बघायला आलेल्या पाहुण्याला तो चहाचा ट्रे दाखवायचा, असं सांगतात. त्यात काचेच्या चार चकत्या, एक छोटा तराजू, फुंकणी, बस्स.

१८२८ मध्ये मेंदूतल्या गाठीने त्याचं शरीर हळूहळू लुळं पडू लागलं. तेव्हा त्याने माणूस बसवून राहिलेले निबंध सांगून लिहून घेतले. त्यात प्लॅटिनमची ती पद्धतही होती, जी त्याने सुमारे पंचवीस वर्षं दडवून ठेवली होती. नोव्हेंबरमध्ये ती रॉयल सोसायटीत वाचली गेली आणि २२ डिसेंबरला तो गेला. लंडनच्या भूगर्भशास्त्र सोसायटीला त्याने पैसे ठेवले होते, त्यातून आजही वुलस्टन पदक दिलं जातं. ते पदक पॅलेडियमचं असतं.

मामाला हे सगळं मी फोनवर सांगितलं. त्याने पदकाचं वजन विचारलं. नव्या कन्व्हर्टरच्या नंबरचा फोटो आणि बिल आता त्याने मलाच पाठवून ठेवलंय.