खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आणि सर विश्वेश्वरय्या

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करीत आहेत. कोणी यंत्रचालक आहे, कोणी गुणवत्ता विभागात तपासनीस. १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेस हार घातला जातो, तेव्हा बहुतेकांना कृष्णराजसागर धरण आठवते. परंतु त्यांच्या ज्या कामाचे नाते पॉवर प्रेसवर उभ्या असलेल्या कामगाराशी अगदी जवळचे आहे, ते पुण्यानजीक घडले. त्याची आठवण क्वचितच निघते, म्हणून ते या स्मरणिकेत सांगावे असे आम्हांस वाटले.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. कोवळ्या वयातच पित्याचे छत्र हरपले. बंगळूरला शिकताना दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला. वसतिगृहात वाढलेल्या आमच्यासारख्यांना हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुढे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले, १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, सक्कर, सुरत अशी चाकरी करीत ते पुन्हा पुण्यास आले, ते पाटबंधाऱ्यांचे काम पाहण्यासाठी.

मुठा नदीवरील खडकवासल्याच्या तलावाला त्या काळी फाइफ तलाव म्हणत. पुणे शहर, लष्कर आणि कालव्याखालची शेती यांची तहान त्यावर भागत असे. पावसाळ्यात तलाव भरला की उरलेले पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच कमी पडे. भिंत उंच करावी, तर जुन्या बांधकामावर भार वाढणार. सांडव्यावर साधे दरवाजे बसवावेत, तर ते वेळेवर उघडण्याची जबाबदारी कोणा पहारेकऱ्यावर येणार. मध्यरात्री, मुसळधार पावसात, नदी चढत असताना त्या माणसाला डुलकी लागली तर धरण धोक्यात. घाबरून त्याने दरवाजे लवकर उघडले तर पाणी वाया. सूर्या नदीच्या काठी राहणाऱ्या आमच्या पालकांना धामणी धरणाचे दरवाजे उघडण्याचे इशारे पावसाळ्यात ऐकावे लागतात. धरणाचा दरवाजा म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे.

विश्वेश्वरय्यांनी ही जबाबदारी माणसाच्या खांद्यावरून काढून खुद्द पाण्यावरच सोपविली. १९०३ मध्ये सांडव्यावर बसविलेले त्यांचे दरवाजे वजनांच्या तोलावर चालत. मूळ सांडव्याच्या वर आठ फूट, म्हणजे सुमारे अडीच मीटर, पाणी अडवून ठेवायचे. त्याहून पातळी चढली की दरवाजे आपोआप उघडायचे, आणि पूर ओसरला की आपोआप मिटायचे. भिंत न वाढविता साठा वाढला. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावे झाले, आणि तिचा उपयोग पुढे ग्वाल्हेरजवळील तिग्रा धरणावर व कृष्णराजसागरावरही झाला.

आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या कारखान्यांत याच विचाराला पोका-योके म्हणतात. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याविना प्रेस खाली येत नाही, म्हणून बोटे शाबूत राहतात. फिक्स्चरमधील एका खुंटीमुळे भाग उलटा बसतच नाही, म्हणून तो सदोष होत नाही. तारापूरच्या अणुभट्ट्याही मर्यादा ओलांडताच स्वतः बंद पडाव्यात अशाच रचलेल्या आहेत. हा शब्द रूढ करणारे जपानी अभियंता शिगेओ शिंगो आधी बाका-योके म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. १९६३ च्या सुमारास मोटारींचे सांगाडे बनविणाऱ्या एका कारखान्यात ते नाव ऐकून एक कामगार स्त्री रडू लागली. आपण मूर्ख आहोत म्हणून हे साधन बसविले, असे तिला वाटले. शिंगोंनी शब्दच बदलला. पोका म्हणजे नकळत होणारी चूक, जी तुमच्या-आमच्यासारख्या कोणाच्याही हातून होते. बोट तुटल्यावर कामगाराच्याच निष्काळजीपणाचा शेरा लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

१९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. धरण, कारखाने, बँक, विद्यापीठ यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. तिचा विस्तार येथे करीत नाही. एक गोष्ट मात्र आमच्या वाचकांपासून झाकून ठेवणे योग्य नव्हे. १९१८ मध्ये महाराजांनी मागासलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून न्यायमूर्ती मिलर यांची समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे धोरण पटले नाही; त्याने गुणवत्ता घसरेल, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी दिवाणपद सोडले त्यामागे हा मतभेद होता. पुराच्या बाबतीत एकट्या माणसाच्या दक्षतेवर विसंबू नये, रचनाच बदलावी, हे ज्यांनी ओळखले, त्यांनी शिक्षण आणि नोकरी यांची रचना मात्र होती तशीच राहू द्यावी आणि एकेकट्याच्या कर्तृत्वावर सारे सोडावे, याचे आम्हांस नवल वाटते. त्यांच्या दरवाजांचे मोल याने कमी होत नाही. पण हार घालताना दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांच्या वृद्धापकाळीच खडकवासल्यावर मोठा घाला आला. काम पुरे झालेले नसताना पहिल्याच पावसाळ्यात भरू दिलेले पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. वरचे अख्खे धरण अंगावर येईल, असा हिशेब खालच्या दरवाजांच्या रचनेत कोठून असणार? विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीला टेकले होते. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, ते बंगळूर येथे निवर्तले. खडकवासल्याचे धरण पुन्हा बांधले गेले. पुणे आजही तेथलेच पाणी पिते.