र. धों. कर्वे : ज्यांनी मराठी माणसाच्या 'त्या' प्रश्नांना उत्तरं दिली आणि त्याबद्दल कोर्टात दंडही भरला

भातसा नदीच्या काठावरचं सापगाव असो, शहापूर असो की मुरबाड, वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या डोक्यातले काही प्रश्न सगळीकडे सारखेच असतात. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का? एकदाच संबंध आला तर दिवस राहतात का? समोरचा माणूस नको म्हणत असेल, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? घरात हे विचारायची सोय नाही. वर्गात तो धडा आला की सर पुढचं पान उलटतात. मग रात्री मोबाईलवर जे सापडेल, ते खरं मानलं जातं.

आज निदान मोबाईल तरी आहे. शंभर वर्षांपूर्वी तोही नव्हता. तेव्हा हे प्रश्न पोस्टाने मुंबईला जायचे, एका मासिकाच्या संपादकाकडे. संपादक त्यांची उत्तरं छापायचे, तीही कुणाला न हसता आणि कुणाला पापी न ठरवता. त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. या उत्तरांपायी त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. नोकरी तर त्याआधीच गेली होती. तरीही मासिक मरेपर्यंत चालूच राहिलं.

घरातच पाहिलेलं दुःख

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२चा. गाव कोकणातलं, दापोलीजवळचं मुरुड. वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे आणि पुढे १९५८ साली भारतरत्न मिळालेले. आई राधाबाई. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ साली, बाळंतपणात राधाबाई गेल्या.

त्या काळात अशी मरणं घरोघरी होती. लहान वयात लग्न व्हायचं, पाठोपाठ बाळंतपणं व्हायची आणि बाई गेली की 'देवाची मर्जी' म्हणून विषय संपायचा. दोन वर्षांनी धोंडोपंतांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्यापायी मुरुडच्या गावकऱ्यांनी कुटुंबाला वाळीत टाकलं. पटलेल्या गोष्टीसाठी समाजाचा राग ओढवून घ्यावा लागतो, हे मुलाने घरातच पाहिलं.

रघुनाथ अभ्यासात हुशार होता. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाला आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. आयुष्यभर हिशेबी बोलणारा, पुरावा मागणारा आणि देव-धर्माच्या नावावर काहीही मान्य न करणारा हा माणूस.

नवरा-बायकोने मिळून घेतलेला निर्णय

रघुनाथरावांच्या पत्नीचं नाव मालतीबाई. या दोघांनी विचार करून एक निर्णय घेतला : आपल्याला मूल नको. अंगावर घेतलेलं काम असं आहे की त्यात पैसा आणि स्वास्थ्य दोन्ही मिळणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं. लग्नाला वर्ष झालं की 'गोड बातमी कधी?' हा प्रश्न आजही सुटत नाही. त्या काळात मूल न होणाऱ्या बाईला काय काय ऐकावं लागत असेल, हे वेगळं सांगायला नको. ते ओझं मालतीबाईंनीही उचललं. म्हणून या कामाचं श्रेय एकट्या रघुनाथरावांना देता येत नाही.

१९२१ साली कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं केंद्र मानलं जातं. जगातही तेव्हा ही गोष्ट नवीच होती. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असं केंद्र उघडलं, तर त्यांना अटक झाली होती. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं तेही १९२१ सालीच. म्हणजे मुंबईतला हा गणिताचा मास्तर लंडनच्या मागे नव्हता.

विल्सन कॉलेज ख्रिस्ती मिशनऱ्यांचं होतं. आपला प्राध्यापक उघडपणे संततिनियमनावर बोलतो, बाईलाही पुरुषाइतकाच कामसुखाचा हक्क आहे असं म्हणतो, हे संस्थेला चालण्यासारखं नव्हतं. त्यांना राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. हाताशी असलेली चांगली नोकरी सोडून त्यांनी काम चालू ठेवलं.

'समाजस्वास्थ्य'

जुलै १९२७मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. त्यात गर्भ कसा राहतो, तो टाळायचा कसा, गुप्तरोग कसे पसरतात यांवर सरळ भाषेत माहिती असायची. उपदंश आणि परमा हे तेव्हाचे भयंकर रोग. पेनिसिलिन अजून औषध म्हणून हाती आलं नव्हतं, त्यामुळे रोग होऊ न देणं हाच खरा उपाय होता. पण रोगाचं नाव घ्यायचीच लाज, मग बचाव कसला करणार? नवरा बाहेरून रोग घेऊन यायचा आणि तो घरातल्या बायकोला व्हायचा. तिला तर कारणही कळायचं नाही.

मासिकातला सगळ्यात धाडसी भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न. हस्तमैथुन, समलिंगी ओढ, लग्नाआधीचे आणि लग्नानंतरचे संबंध, काहीही विचारायची मुभा होती. हस्तमैथुनाने माणूस खंगतो ही भीती निराधार आहे, असं कर्वे सांगत. असली भीती दाखवून औषधं विकणारे तेव्हाही होते आणि आजही भिंतीभिंतीवर त्यांच्या जाहिराती दिसतात.

आणखी एक गोष्ट कर्वे सतत मांडत. लग्न झालं म्हणून बायकोच्या शरीरावर नवऱ्याची मालकी होत नाही. संबंध दोघांच्या मर्जीचा हवा आणि सुख दोघांचं हवं. आज आपण ज्याला संमती म्हणतो, तेच हे. मुलींची लग्नं तेराव्या-चौदाव्या वर्षी होण्याच्या काळात हे मराठीत छापून येत होतं.

कोर्टाची पायरी

१९३१ साली पहिला खटला झाला. निमित्त होतं 'व्यभिचाराचा प्रश्न' हा लेख. कोर्टाने अश्लील लेखनासाठी दोषी ठरवून १०० रुपये दंड केला.

१९३४ साली पुन्हा अटक झाली. या वेळी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरंच अश्लील ठरवण्यात आली. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाड आणि काळारामचे सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार हे सगळं होऊन गेलेलं, डोक्यावर कामाचा डोंगर, तरी बाबासाहेबांनी हा खटला घेतला.

त्यांचा मुद्दा साधा होता. मासिक लैंगिक शिक्षणाचं आहे, मग वाचक त्याच विषयावर विचारणार आणि संपादक त्यावरच उत्तर देणार. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून मजकूर अश्लील ठरत नाही. प्रश्न विकृत वाटत असतील, तर विकृती दूर करायचा मार्गही ज्ञान हाच आहे. समलिंगी आकर्षणाबद्दलही त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांचा आधार घेतला. कोर्टाला ते पटलं नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

बाबासाहेबांनी पुढेही विषय सोडला नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला.

विरोधकांत साधीसुधी माणसं नव्हती. खुद्द महात्मा गांधींना संततिनियमनाची कृत्रिम साधनं मान्य नव्हती, त्यांचा भर ब्रह्मचर्यावर होता. कर्व्यांचं म्हणणं असं की संयमाचा उपदेश शतकानुशतकं चालू आहे आणि बाळंतपणात बाया मरायच्या थांबलेल्या नाहीत.

कर्व्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. लोकसंख्या वाढते म्हणून गरिबी येते, हा त्या काळचा लाडका सिद्धान्त त्यांनी जरा जास्तच मानला. भाषा फटकळ होती, त्यामुळे बरोबर येऊ शकणारी माणसंही दूर गेली. पण ज्या प्रश्नाला उत्तर हवं होतं, ते देणं त्यांनी टाळलं नाही.

जिंकले, पण उशिरा

कर्व्यांच्या नात्यातल्या शकुंतला परांजपे यांनी १९३८ सालापासून हेच काम पुढे नेलं. त्यांना १९९१ साली पद्मभूषण मिळालं. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी कर्व्यांना नोकरी सोडावी लागली, ते काम आता सरकारचं झालं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे गेले. तोवर 'समाजस्वास्थ्य' २६ वर्षं चाललं होतं. २००१ साली अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला.

समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २०१८ साल उजाडलं. 'समाजस्वास्थ्य'च्या त्या खटल्याला तेव्हा ८४ वर्षं होऊन गेली होती.

मग आज काय करायचं?

कर्व्यांना जे चोरूनमारून सांगावं लागलं नाही पण दंड भरून सांगावं लागलं, ते आज गावात फुकट मिळतं. निरोध आणि गर्भनिरोधक गोळ्या आशाताईंकडे असतात. 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी आणि तांबी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. सापगावच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय पुरतं. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. घरबसल्या विचारायचं असेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो. अंगावर चट्टा उठला, लघवीला जळजळ झाली, जखम झाली, तर भोंदू वैद्याकडे न जाता डॉक्टरकडे जावं. आता यातल्या बऱ्याच रोगांवर चांगली औषधं आहेत आणि दोघांनी मिळून उपचार घेतले तर रोग पुन्हा उलटण्याचा धोका कमी होतो.

नात्याचा नियमही कर्व्यांनी सांगितला तोच आहे. दोघांची मर्जी हवी. गप्प बसणं म्हणजे होकार नाही. काल हो म्हटलं म्हणून आज हो असलंच पाहिजे असंही नाही. आणि समोरची व्यक्ती अठरा वर्षांच्या आतली असेल, तर कायद्याने तिची संमती धरलीच जात नाही.

कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्यांना उत्तरासाठी पुढच्या अंकाची वाट पाहावी लागायची. आज डॉक्टरांसमोर बसून दोन मिनिटांत विचारता येतं. तेवढं विचारा.