अडॉल्फ केतले

अडॉल्फ केतले (२२ फेब्रुवारी १७९६ – १७ फेब्रुवारी १८७४) हे बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ, गणितज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते. वजन व उंची यांच्या प्रमाणाचा त्यांचा निर्देशांक आज बॉडी मास इंडेक्स या नावाने सर्वपरिचित आहे. तथापि गुन्ह्यांची आकडेवारी कशी वाचावी, याविषयीचे त्यांचे कार्य त्याहून मोलाचे ठरते.

जीवन

केतले यांचा जन्म गेंट येथे झाला. १८१९ साली तेथील विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवून ते ब्रुसेल्समध्ये अध्यापन करू लागले. नियोजित वेधशाळेच्या कामासाठी १८२३ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे त्यांचा संभाव्यतेच्या गणिताशी परिचय झाला आणि आकाशातील वेधांसाठी वापरली जाणारी पद्धत पुढे त्यांनी मानवी समूहांना लावली.

गुन्ह्यांची आकडेवारी

फ्रान्सच्या न्याय मंत्रालयाने १८२७ पासून फौजदारी न्यायाचा वार्षिक अहवाल छापण्यास प्रारंभ केला. त्यानुसार १८२६ ते १८२९ या वर्षांत गंभीर गुन्ह्यांसाठी न्यायालयापुढे हजर झालेल्या आरोपींची संख्या अनुक्रमे ६,९८८, ६,९२९, ७,३९६ व ७,३७३ होती. दरवर्षी त्यांपैकी शेकडा ६१-६२ जण दोषी ठरले. ज्या कृत्यांना आपण व्यक्तीच्या लहरीवर सोडतो, त्यांतील ही स्थिरता पाहून केतले थक्क झाले.

सरकारी नोंदीत केवळ उघडकीस आलेले गुन्हे येतात, याची मात्र त्यांना पूर्ण जाणीव होती. ज्ञात व अज्ञात गुन्ह्यांचे परस्परप्रमाण स्थिर मानले तरच तुलना शक्य होते. हे प्रमाण गुन्ह्याचे गांभीर्य, पीडिताची तक्रार करण्याची तयारी आणि न्याययंत्रणेची तत्परता यांवर अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. ते खरोखर स्थिर आहे हे सिद्ध करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. त्यांच्या विवेचनातील हाच कच्चा दुवा होय.

दोन देशांची तुलना करताना त्यांनी अधिक सावधगिरी बाळगली. १८२६ साली बेल्जियममध्ये शेकडा ८४ आरोपी दोषी ठरले होते. यावरून बेल्जियन लोक अधिक दुष्ट ठरत नाहीत. तो प्रदेश तेव्हा नेदरलँड्सच्या राज्यात होता व तेथे निवाडा न्यायाधीशच करीत, तर फ्रान्समध्ये ज्युरी होती. स्वातंत्र्यानंतर बेल्जियममध्ये ज्युरी पुन्हा सुरू होताच हे प्रमाण फ्रान्सच्या जवळ येऊन ठेपले.

वाद व उत्तरायुष्य

१८३५ च्या ग्रंथात त्यांनी ‘सरासरी मानव’ ही संकल्पना मांडली आणि गुन्ह्याची कारणे समाजरचनेत शोधली. हा दैववाद आहे, अशी टीका झाली. सरासरीवरून एखाद्या व्यक्तीचे भवितव्य सांगता येत नाही आणि कारणे बदलली की आकडेही बदलतात, असे त्यांचे उत्तर होते.

निरनिराळ्या राष्ट्रांची आकडेवारी तुलनायोग्य व्हावी, यासाठी त्यांच्याच पुढाकाराने १८५३ मध्ये ब्रुसेल्सला पहिली आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद भरली. दोन वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरीही त्यांचे काम सुरू राहिले. ब्रुसेल्स येथेच त्यांचे निधन झाले.