भंडाऱ्याच्या निवडणुकीतील बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या आंधळगावात सापडावयाचे नाही. परंतु ते एकदा आपल्याच भंडारा जिल्ह्यातून लोकसभेसाठी उभे होते, ही हकीकत तरुण भगिनींच्या कानावर क्वचितच आलेली असते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. शाळेत इतर मुलांपासून दूर बसून शिकलेला हा मुलगा पुढे न्यूयॉर्क व लंडन येथील मोठ्या पदव्या घेऊन आला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी मांडली. पुढे राज्यघटनेने प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषास मत दिले. त्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते. स्त्रियांना वारसाहक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, म्हणून मुख्यतः त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले.

१९५२ च्या निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. मग ते राज्यसभेवर गेले. सभासदत्व हाती असतानाच १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे उतरले. प्रकृती तेव्हा ठीक नव्हती.

त्या वेळी येथे दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण व एक राखीव. प्रत्येक मतदारास दोन मते असत. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांच्यासोबत उभे होते. आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे व दुसरे कोणासही देऊ नये, म्हणजे बाबासाहेबांचा क्रमांक वर राहील, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, असे सांगतात. ज्याने मताचा हक्क मिळवून दिला, त्यानेच ते वाया घालवा म्हणून कसे सांगावे?

निकाल लागला. मेहता निवडून आले. राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी जिंकली. बाबासाहेब सुमारे ८ हजार मतांनी हरले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व ६ डिसेंबरला त्यांचे दिल्लीत निर्वाण झाले. त्याच वर्षी मुलींना वडिलांच्या संपत्तीत वाटा देणारा हिंदू वारसा कायदा झाला होता.

भगिनींनो, मतदानाच्या दिवशी घरकाम आहे, ऊन आहे, एका मताने काय होणार, असे आपण सहज म्हणतो. अशा वेळी भंडाऱ्याचा हा पराभव आठवावा. आपले मत वाया जाऊ नये म्हणून एका थोर पुरुषाने स्वतःची जागा पणास लावली होती.