संत एडिथ स्टाइन : सत्याचा शोध घेणारी कन्या

९ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा क्रूसाची संत तेरेसा बेनेडिक्टा हिचा सण साजरा करते. तिचे मूळ नाव एडिथ स्टाइन.

एडिथचा जन्म १२ ऑक्टोबर १८९१ रोजी ब्रेसलाऊ ह्या तेव्हाच्या जर्मन शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ती दोन वर्षांची असतानाच वडील वारले. आईने लाकडाचा व्यवसाय सांभाळून मुलांना वाढवले. आई देवभीरू होती; एडिथने मात्र किशोरवयातच प्रार्थना करणे सोडून दिले.

१९१३ साली ती गटिंगेन येथे प्रा. एडमंड हुसर्ल ह्यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकू लागली. तेथे एक जुना प्रश्न गाजत होता. आपल्याला जे कळते ते खरोखरच आपल्याबाहेर असते, की आपले मनच त्याला आकार देते? ज्ञान वस्तुनिष्ठ की व्यक्तिनिष्ठ? एडिथने त्यातला एक अवघड धागा हाती घेतला : दुसऱ्याचे दुःख मला कसे कळते? ते दुःख त्याचे असते, माझे होत नाही. तरीही ती माझी निव्वळ कल्पना नसते. ह्या जाणिवेला समानुभूती म्हणतात. दुसऱ्याच्या नजरेने पाहता आले म्हणजे हे जग माझ्या एकट्याचे नाही, हे उमगते आणि स्वतःचीही खरी ओळख पटते, असे तिने मांडले. १९१५ साली तिने युद्धातील जखमी व आजारी सैनिकांची शुश्रूषा केली. १९१६ साली ह्याच विषयावर तिला डॉक्टरेट मिळाली.

१९१७ साली तिचे शिक्षक आडोल्फ रायनाख युद्धात मारले गेले. त्यांच्या पत्नीला कसे भेटावे, ह्या विचाराने एडिथ धास्तावली होती. परंतु त्या विधवेच्या ठायी तिला ख्रिस्तावरील श्रद्धेतून आलेली शांती दिसली. श्रद्धा ही केवळ मनाची समजूत आहे, असे आता तिला म्हणता येईना. १९२१ साली तिने संत अविलाच्या तेरेसाचे आत्मचरित्र वाचले आणि १ जानेवारी १९२२ रोजी स्नानसंस्कार स्वीकारला. पुढे संत थॉमस अक्विनासच्या सत्यावरील ग्रंथाचे तिने जर्मन भाषांतर केले.

१९३३ साली ती कलोनच्या कार्मेल मठात जायला निघाली. निघण्यापूर्वी, आपल्या वाढदिवशी, ती आईबरोबर सिनेगॉगमध्ये गेली. आई रडली. आईचे दुःख तिला पुरते कळत होते, पण ते दूर करणे तिच्या हाती नव्हते.

नाझींच्या छळामुळे १९३८ च्या अखेरीस तिला हॉलंडमधील एक्ट येथील मठात हलवण्यात आले. जुलै १९४२ मध्ये तेथील बिशपांनी ज्यूंच्या छळाचा चर्चमधून जाहीर निषेध केला. सूड म्हणून कॅथोलिक झालेल्या ज्यूंना पकडण्यात आले. २ ऑगस्ट रोजी एडिथ व तिची बहीण रोझा ह्यांना अटक झाली. छावणीत अनेक माता दुःखाने सुन्न झाल्या होत्या. एडिथने त्यांच्या मुलांना न्हाऊमाखू घातले, त्यांचे केस विंचरले. ९ ऑगस्ट रोजी ऑशविट्झ येथे दोघी बहिणी मारल्या गेल्या. ११ ऑक्टोबर १९९८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी एडिथला संत म्हणून घोषित केले.

‘तुझे सत्य तुला, माझे मला’ असे आज आपण सहज बोलतो. पण शेजारच्या घरी दुःख असेल, तर ते आपल्याला जाणवले नाही म्हणून खोटे ठरत नाही. ह्या आठवड्यात अशा एखाद्या घरी जाऊ या, थोडा वेळ बसू या आणि त्यांचे ऐकून घेऊ या.

संत तेरेसा बेनेडिक्टा, आम्हांसाठी विनंती कर.